फिरता बिघाड

१

"चुलीपाशी आधी दिवा लाव विमल, आणि पहिलं अन्न शिजून उतरेपर्यंत तो विझू देऊ नकोस."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. तरी सकाळी सहाला कँटीनचं दार ढकललं की हे वाक्य कानात येतंच. माझी चूल आता मातीची नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनची मी सुपरवायझर आहे. दोन पाळ्यांची मिळून अकराशे माणसं जेवतात. त्यांचं अन्न चार स्टीम केटलमध्ये शिजतं. केटल म्हणजे दुहेरी भिंतीचं अजस्र पातेलं. खाली जाळ नाही. मागच्या बॉयलरमधून वाफ येते, दोन भिंतींच्या मधे भरते आणि आतलं अन्न शिजवते.

या चातुर्मासात मी नेम धरला होता. ज्या केटलमध्ये दिवसाची पहिली खेप लागेल, तिला हळदकुंकू वाहायचं आणि तिच्या कठड्यावर तुपाची फुलवात लावायची. दिव्याला वारा लागू नये म्हणून मी खिडकी लोटून घेते, पंखा लावू देत नाही, फुसफुसणारं काही असेल ते आवळते. खेप उतरली की दिवा शांत होतो आणि मी चहा घेते.

भाद्रपदातल्या त्या बुधवारी दुपारी दीड वाजता भाजी चिरणारी शालनबाई माझ्या टेबलापाशी धावत आली.

"ताई, चला लवकर. लोकं उलट्या करायलेत."

हात धुवायच्या जागी माणसं ओळीने वाकून उभी होती. चौतीस जण. एकाला सलाईन लावावं लागलं. कंपनीच्या डॉक्टरांनी ताटातला राजम्याचा एक दाणा चिमटीत दाबून मला दाखवला. वरून मऊ, आत पांढरा, टणक.

"राजमा नीट उकळला नाही तर विषासारखा बाधतो," ते म्हणाले. "हा नुसता कोमट पाण्यात बसलाय."

संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. पण साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दोन महिने ऐकतोय मी. आज ही केटल तापत नाही, उद्या ती. एक दुरुस्त करावी तर दुसरी बिघडते. बिघाड असा फिरत नसतो ताई. माणूस फिरतो. कुणी मुद्दाम करतंय. तुमचा संशय कुणावर?"

मी खाली बघून म्हणाले, "बॉयलरवर तो नवीन मुलगा आलाय, बुद्धरत्न. आषाढात आला. तेव्हापासूनच हे सुरू झालं."

साहेबांनी नाव लिहून घेतलं. मी हळू आवाजात बोलले होते. माझा आवाज नेहमी हळूच असतो, लोक त्याचं कौतुक करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धरत्नचा पास गेटवरच अडवला.

२

चौकशी माझ्याकडेच दिली होती. शनिवारपर्यंत नाव लेखी द्यायचं. नाव पक्कं झालं की ठेकेदार बुद्धरत्नला काढणार आणि तसं पत्र पुढे जाणार. असं पत्र मागे लागलं की या औद्योगिक पट्ट्यातली दुसरी कुठलीही कंपनी त्याला बॉयलरला हात लावू देणार नाही, हे मला माहीत होतं.

आधी मी गोरक्षला बोलावलं. केटलची दुरुस्ती तोच करतो. तो जेवणाच्या बाकावर बसला आणि चहा येईपर्यंत कुरकुरत राहिला.

"माझ्यावर येतंय का ताई हे? सरळ सांगा."

"तुझ्यावर कशाला येईल?"

"बिघाड झाला की गोरक्षला बोलावणं. म्हणजे बिघाडात गोरक्षचा फायदा. एवढं तर मलापण कळतं." तो हसला. "पण खरं सांगतो, या केटलींनी माझी अब्रू काढली. मी येतो दहाला. तेव्हा केटल अशी तापलेली असते की हात ठेवला तर कातडं निघेल. दोन नंबरचा ट्रॅप बदलला, म्हणजे थंड झालेल्या वाफेचं पाणी बाहेर सोडतो तो. चार नंबरची गाळणी धुतली. लगेच दुसऱ्या दिवशी एक नंबर रुसली. तुम्ही मला सांगा, त्या एकमेकींना फोन करतात का?"

मी माझी जेवणाची वही उघडली. रोज कुठल्या केटलमध्ये काय, किती वाजता लागलं, हे मी त्यात लिहिते. दोन महिन्यांची पानं आम्ही दोघांनी उलटली. सात जुलै, दोन नंबर, उपमा उशिरा. बारा जुलै, चार नंबर, दूध तापेना. मग माझं बोट एका जागी थांबलं.

"गोरक्ष, त्या दिवशी पहिली खेप जिच्यात लागली, तीच रुसलीय. प्रत्येक वेळी."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी नाश्त्याला बाहेरून पाव आले होते. त्यामुळे पहिली खेप राजम्याची, तीन नंबरमध्ये. घड्याळ बघून नेहमीप्रमाणे दीड तासाने उतरवला." एरवी पोहे किंवा चहा अर्धा तास उशिरा व्हायचा आणि लोक नुसते ओरडायचे. राजमा ओरडत नाही, तो बाधतो.

गोरक्ष आता सरळ बसला होता. "काट्यावर वाफेचा दाब किती दाखवत होता?"

"पूर्ण. मी स्वतः पाहिला."

"काटा पूर्ण आणि भांडं कोमट. एका अंगाने गरम, दुसऱ्या अंगाने कोमट, असंच ना?"

"हो."

त्याने ओल्या बोटाने टेबलावर दोन गोल काढले, एकात एक. "रात्रभर केटल गार पडते. मधल्या पोकळीत हवा शिरते. सकाळी वाफ सोडली की ही हवा आधी बाहेर काढावी लागते. वर एक तोटी असते त्यासाठी. साफ वाफ येईपर्यंत ती उघडी हवी. आधीच बंद केली तर हवा आत कोंडते आणि वाफेला भिंतीशी भेटू देत नाही. काटा मात्र दाब दाखवतो, त्याला काय, हवा आणि वाफ सारखीच. मग तास-दोन तासांनी हवा ट्रॅपमधून हळूहळू निघून जाते आणि केटल आपोआप बरी होते."

"म्हणजे तू येतोस तेव्हा."

"मी येतो तेव्हा." त्याने टेबल बाहीने पुसलं. "बॉयलर नाही, ट्रॅप नाही. सकाळी सहा ते साडेसहाच्या मधे कुणीतरी तोटी बंद करतंय."

३

तोटी उघडायचं काम मुरारीभाऊंचं. ते मुख्य आचारी, चाकणजवळच्याच गावचे. वाफेवर त्यांचा पहिल्यापासून राग. गॅसच्या भट्ट्या परत आणा म्हणून त्यांनी साहेबांकडे दोनदा अर्ज दिला होता. केटल बदनाम झाल्या तर कुणाला बरं वाटेल, हे मला वेगळं शोधायची गरज नव्हती.

मी विचारलं तेव्हा ते कांदा परतत होते. झारा थांबला नाही.

"म्या रोज तोटी उघडतो ताई. मंग तांदूळ आणाया कोठीत जातो. माघारी येतो तवा बंद असती. मला वाटायचं शालनबाईनं केली आसंल."

"शालनबाईंना विचारलंत कधी?"

"न्हाई इचारलं. बंद तर करायचीच आसती की कवातरी."

"तुम्हाला भट्टी हवी होती, मुरारीभाऊ."

झारा आता थांबला. "व्हय, हवी व्हती. आजबी हवी. म्हून काय मी चौतीस मान्सांच्या पोटात कच्चा राजमा घालीन? त्यात माझा चुलतभाव व्हता, पेंट शापमधला. त्याच्या पोरीनं मला फोनवर काय काय सुनावलं, ते तुमाला सांगू का?"

ते पुन्हा परतायला लागले आणि पाठमोरेच म्हणाले, "एक हाय. तोटीच्या मुठीवर कवाकवा लाल बोट उमटल्यालं आसतं. म्या फडक्यानं पुसून घेतो."

लाल बोट. मी शालनबाईकडे गेले. तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मिरची आठनंतर कुटते मी. सहाला तर कोथिंबीर निवडायला बसते, हिरवी बोटं असतात माझी. अन् गरम गोष्टीला हात लावत नाही ताई, एकदा भाजलंय."

"तुम्हाला तिथून केटल दिसतात. कुणी येतं का?"

"कोण येणार? आपलीच माणसं."

गोरक्षला फोन केला. पाइपाच्या आट्यांना पूर्वी शेंदरी लुकण लावायचे, ते तू लावतोस का? तो म्हणाला, "कुठल्या जमान्यात आहात ताई? आता पांढरी टेप असते."

उरला एकच. बॉयलरचा मुख्य वॉल्व सोडायला बुद्धरत्न रोज सहाला किचनच्या मागच्या दारातून यायचा. आणि खरं सांगायचं, मला तोच उरायला हवा होता.

४

तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. पास नाही, तरी दोन्ही दिवस वेळेवर येऊन बसला होता. हातात चहाचा ग्लास, कंपनीचा गणवेश धुतलेला, इस्त्रीचा. मला बघून उभा राहिला.

"सहाला किचनमध्ये तूच येतोस," मी म्हणाले.

"वॉल्व सोडायला येतो मॅडम. सोडला की परत जातो."

"केटलच्या तोटीला हात लावतोस?"

"नाही."

"कधीच नाही?"

तो ग्लासात बघत राहिला. "एकदा लावला होता. आल्यावर तिसऱ्या दिवशी. त्यानंतर नाही. माझी हद्द मुख्य वॉल्वपर्यंत. तुम्हीच सांगितलंय."

"मी? मी कधी सांगितलं?"

टपरीवाला आमच्याकडे बघत होता. बुद्धरत्नने आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं तो चढवेल, आणि मग माझं काम सोपं होईल.

"बॉयलरच्या रजिस्टरला शेऱ्याचा रकाना असतो," तो म्हणाला. "मी तिथे लिहिलंय, चार जुलैला. त्याखाली सही तुमची आहे मॅडम."

रजिस्टर साहेबांच्या कपाटात बंद होतं आणि साहेब पुण्याला गेले होते. मी मनाशी म्हटलं, उद्या बघू. उद्या शनिवार. पण त्याआधी सकाळी सहाला कोठीच्या दाराआड उभं राहून, तोटीकडे जाणारा हात मी डोळ्यांनी बघणार होते.

५

शनिवारी पहिली खेप चार नंबरमध्ये होती. मी नेहमीप्रमाणे हळदकुंकू वाहिलं, फुलवात लावली, हात जोडले. मग कोठीत गेले आणि दार बोटभर उघडं ठेवलं.

बुद्धरत्नच्या जागी ठेकेदाराने दुसरा माणूस दिला होता. त्याने वॉल्व सोडला आणि निघून गेला. मुरारीभाऊ आले, तोटी उघडून माझ्या शेजारून कोठीत शिरले आणि तांदळाच्या पोत्यामागे उभे राहिले. तसं आमचं ठरलं होतं. समोर शालनबाई कोथिंबीर निवडत होती. बाकी कुणी नाही.

तोटीतून हवा फुसफुसत होती. पाच मिनिटं गेली. कुणी आलं नाही. मी ओठ घट्ट मिटून बघत होते. कठड्यावरचा दिवा तोटीपासून वीतभर अंतरावर होता. फुसफुस वाढली तशी ज्योत आडवी झाली, निळी पडली, वातीच्या टोकाला जेमतेम धरून राहिली.

मी केटलपाशी कधी पोहोचले, मला कळलं नाही.

कळलं ते अंगठ्याला मूठ गरम लागली तेव्हा. तोटी बंद होती. ज्योत सरळ झाली होती. मुठीवर तुपाने ओलं झालेलं कुंकवाचं बोट उमटलं होतं, आणि मागे कोठीच्या दारात मुरारीभाऊ उभे होते.

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, हातात धरलं आणि पुसायचं की नाही ते न कळून तसेच थांबले.

"रोज तुम्हीच तर बंद करता ताई," शालनबाई कोथिंबिरीवरची नजर न उचलता म्हणाली. "पूजेतलंच काही असेल म्हणून आम्ही कधी बोललो नाही. अन् कुणी येतं का म्हणून इचारलंत, तेव्हा तुमचं नाव कसं घ्यावं?"

दोन महिने मी रोज ते करत होते. मला ती तोटी वाटतच नव्हती. गळती वाटायची, दिव्याला त्रास देणारं काहीतरी. गोरक्षने टेबलावर दोन गोल काढले तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे आलं ते दुसऱ्या कुणाचं तरी बोट.

मुरारीभाऊंनी हात पुढे करून तोटी उघडली. दिवा विझला. मी अडवलं नाही.

६

साहेबांनी रजिस्टर काढून दिलं. चार जुलैच्या ओळीत बारीक, स्वच्छ अक्षर होतं.

"केटल क्र. २. हवा काढायची तोटी सुरुवातीलाच बंद केली जाते. उघडली असता दिवा विझला. सुपरवायझर मॅडम नाराज. यापुढे किचनमध्ये हात लावणार नाही. कृपया बघावे."

खाली माझी सही. दर शनिवारी मी सात दिवसांच्या ओळींखाली एकदम सही करते. वाचत नाही.

नाराज हा शब्द त्याने माझ्यासाठी सौम्य करून लिहिला होता. मला ती सकाळ आठवली. त्याने वाकून तोटी उघडली, दिवा गेला. मी आवाज न चढवता, शालनबाई आणि आणखी दोघी ऐकत असताना म्हणाले होते, "तुमच्यात देवाचं काही नसतं, आमच्यात असतं. इथे हात लावायचा नाही." तो "बरं मॅडम" म्हणून गेला होता. आणि मी चहा घेतला होता.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत राहिले.

"ताई, अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे. यात मुद्दाम असं काही नाही. आपण 'तांत्रिक बिघाड' लिहू. तोटीला कुलूप बसवू. विषय संपला."

"आणि बुद्धरत्न?"

"तो ठेकेदाराचा माणूस. त्याला दुसरीकडे पाठवतील ते."

"कुठे? नाव तर खराब झालंय त्याचं."

"तुम्ही माझी अडचण समजून घ्या. वर काय सांगू? कँटीन सुपरवायझरने दिव्यासाठी केटल बंद पाडली? हसतील लोक."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला; तांत्रिक बिघाड लिहिणं इतकं सोपं होतं. मी लिहायला घेतलंही. 'तां' लिहिलं. मग ते खोडलं आणि त्याच्या पुढे सरळ लिहिलं, की तोटी मी बंद करत होते, बॉयलर चालकाने चार जुलैला लेखी कळवलं होतं, ते मी वाचलं नाही, आणि संशय म्हणून त्याचं नाव मीच दिलं. लिहिताना कान तापले होते. लहानपणी वर्गात उभं केल्यावर तापायचे तसे.

साहेबांनी वाचलं. "तुमच्यावर कारवाई होईल."

"हो."

"दिव्याचं काय करणार?"

"कोठीतल्या फळीवर लावेन. नेम मोडणार नाही, जागा मोडेन."

बुद्धरत्नचा पास त्यांनी माझ्यासमोर सुरू करायला सांगितला.

७

तो टपरीवरच होता. मी पास त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, उभ्यानेच. बसायचं धाडस झालं नाही. टपरीवाल्याने चहा ओतायचं थांबवलं होतं, त्यालाही ऐकू दिलं.

"ते चौथ्या तारखेचं बोलणं," मी म्हणाले, "तुम्ही लिहिलं नाहीत. मी काय बोलले ते."

"रजिस्टर बॉयलरचं असतं मॅडम. त्यात तसलं कुठे लिहायचं?"

"मला माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही."

"मग नका म्हणू." तो पास उलटसुलट करून बघत होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "माझं काय, मी सोमवारी कामावर येईन. आईचं अवघड आहे."

"काय झालं त्यांना?"

"आमच्या आकुर्डीच्या गल्लीत या कंपनीची तीन घरं आहेत. गुरुवारी रात्रीच बातमी पोचली, कस्तुराबाईच्या पोराने जेवणात काहीतरी केलं. आईने वीस वर्षं कँटीनमध्ये भांडी घासलीत. लोकांच्या ताटाचं तिला फार. ती मला विचारते, खरं सांग, तुझ्या हातून झालं का? मी नाही म्हणतो. ती मान हलवते आणि परत विचारते. विहारात जायचं बंद केलंय. उद्या रविवार, उद्याही जाणार नाही म्हणते."

रस्त्यावरून कंपनीच्या बसेस ओळीने चालल्या होत्या. पहिली पाळी सुटली होती.

"मी सांगितलेलं तिला पटत नाही," तो म्हणाला. "मी मुलगा आहे."

"मी जाते त्यांच्याकडे."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "फोन करा वाटलं तर."

"फोनवर नाही. आज जाते. आणि त्या तीन घरांतही जाते. शब्द देते तुम्हाला."

"गल्लीत सगळे बाहेर बसलेले असतात संध्याकाळी."

"असू देत."

"कुणी वाकडंतिकडं बोललं तर?"

"ऐकून घेईन."

"मी येत नाही सोबत," तो म्हणाला. "मी असलो तर आई तुम्हाला चहा करत बसेल, पाहुणी आली म्हणून. तुम्हाला बोलूच देणार नाही. विहाराच्या मागची गल्ली, कुणालाही कस्तुराबाई विचारा."

मी पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली. तळवड्यावरून निगडीला जाणारी बस चौकात लागली होती. दार उघडंच होतं. माझ्या कँटीनमध्ये जेवणारी चार-पाच माणसं आत बसलेली दिसली. त्यांतल्या एकाच्या मनगटावर सलाईनची पट्टी होती. तो थोडा सरकला आणि त्याने मला जागा करून दिली.

"ताई, आज इकडे कुठे?" त्याने विचारलं.

"आकुर्डीला," मी म्हणाले. आणि बस सुटायच्या आत, त्याच्यापासूनच सांगायला सुरुवात केली.